फॉकलंडची सी हॅरियर म्हणजे 'सगळी एकाच गडद ग्रेची'? नाही हो

विमानांची छोटी प्लास्टिक मॉडेल करणाऱ्यांमध्ये एक सल्ला इतक्या वर्षांपासून फिरतोय की आता तो कुणी तपासतच नाही. सल्ला असा: १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धातलं ब्रिटिश नेव्हीचं सी हॅरियर हे लढाऊ जेट करायचंय ना, मग वरून खालपर्यंत सगळं गडद ग्रे मारा, मार्किंग सगळी पुसलेली होती त्यामुळे डेकलचं (चिन्हांच्या स्टिकरचं) टेन्शन नाही, फिका ग्रे दिसला तर तो युद्धानंतरचा समजा, कुठे अडलंच तर म्युझियममधल्या खऱ्या विमानाचे फोटो बघा, आणि मिसाइल काय, किटमध्ये आहेत ती लावून टाका. ऐकायला सोपं आहे, म्हणूनच पसरलं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि मॉडेलची वाट लागते ती अर्ध्या खऱ्यानेच.

आधी रंग. शांततेच्या काळात ही विमानं वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून पांढरी होती, शेपटीवर स्क्वॉड्रनची ठसठशीत चिन्हं, ८०१ स्क्वॉड्रनचा पंखवाला त्रिशूळ, ८९९ ची पंखवाली मूठ वगैरे. एप्रिल १९८२ मध्ये ताफा दक्षिणेकडे निघाला आणि लांबून चमकणारा तो पांढरा रंग झाकायचं ठरलं. 'हर्मिस' या विमानवाहू जहाजावर हे काम चक्क ब्रशने झालं, 'इन्व्हिन्सिबल' या दुसऱ्यावर स्प्रेने. म्हणजे एकच रंग, पण दोन जहाजांवर दोन वेगळे हात! हर्मिसचं विमान करताना एअरब्रशने गुळगुळीत, फॅक्टरीतून आल्यासारखं फिनिश दिलंत तर बाटलीतला रंग बरोबर असूनही विमान चुकतं. आणि हा ग्रे निळसर आहे हो, काळा नाही. बीएस ३८१सी या ब्रिटिश रंग-मानकातला ६४० नंबर, हम्ब्रॉल या मॉडेलच्या रंगांच्या ब्रँडमध्ये १२३. ढगाळ दिवस, ओला डेक आणि जुनी फिल्म असली की फोटोत तो काळाच दिसतो, मी स्वतः एकदा अशाच एका फोटोवर विश्वास ठेवून रंगात काळा मिसळला आणि शेवटी ते मॉडेल कोळशाच्या वखारीतून उचलून आणल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हापासून एका फोटोवरून रंग ठरवत नाही, त्याच विमानाचे निदान दोन-तीन वेगळ्या उजेडातले फोटो समोर असले तरच बाटली उघडतो.

आता 'फिका ग्रे म्हणजे युद्धानंतरचा', हे तर सरळ चूक. घाईघाईत आठ विमानं गोळा करून ८०९ स्क्वॉड्रन उभं केलं एप्रिल १९८२ मध्ये, टिम गेज यांच्याकडे कमांड होती. ही विमानं निघायच्या आधीच वरून मीडियम सी ग्रे आणि खालून बार्ली ग्रे झाली होती (बार्ली म्हणजे धान्य नव्हे बरं का, ज्यांनी ही स्कीम बसवली त्या फिलिप बार्ली यांचं आडनाव आहे ते). 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावरून ती मेच्या मध्यात पोचली आणि चार हर्मिसवर, चार इन्व्हिन्सिबलवर अशी वाटली गेली. म्हणजे मेच्या उत्तरार्धात एकाच डेकवर गडद आणि फिकी विमानं शेजारी शेजारी उभी होती, आणि हर्मिसवरच्या ८०० स्क्वॉड्रनचा पायलट ८०९ च्या रंगातलं विमान उडवत होता. ८ जूनला संध्याकाळी डेव्हिड मॉर्गन आणि डेव्ह स्मिथ या पायलटांनी मिळून अर्जेंटिनाची तीन स्कायहॉक विमानं पाडली, ती प्रसिद्ध चकमक. मॉर्गन होते झेडए१७७ मध्ये, स्मिथ एक्सझेड४९९ मध्ये (हे विमानांचे सीरियल, म्हणजे नोंदणी क्रमांक), आणि ही दोन्ही ८०९ बरोबर आलेली, फिकी! आता 'सगळी गडद' वाल्यांनी हा डायोरामा (मॉडेलचा देखावा) कसा करायचा ते सांगावं. रंग लागतील हम्ब्रॉल १६५ आणि १६७.

'मार्किंग नव्हतीच' हेही तसंच. स्क्वॉड्रनची चिन्हं झाकली गेली हे खरं, राउंडेलमधला (देशाच्या गोल चिन्हातला) पांढरा भागही झाकला आणि उरले लाल-निळे. पण राउंडेल होते, नंबर होते, आणि नंबरांतच तर सगळी मजा आहे. हर्मिसवर दोन आकडी, इन्व्हिन्सिबलवर तीन आकडी. हर्मिसवरच्या काही विमानांना सीरियलचे शेवटचे दोन आकडेच नंबर म्हणून मिळाले, एक्सझेड४५० चा ५०, झेडए१९३ चा ९३. म्हणजे फोटोत सीरियल धूसर असलं तरी नुसत्या नंबरवरून जहाज कळतं आणि पुष्कळदा विमानही कळतं. डेकल शीटवर तीन आकडी नंबर आणि खाली लिहिलंय हर्मिस, मे १९८२, असं दिसलं की तिथेच थांबायचं.

तारीख का महत्त्वाची ते बघा. इन्व्हिन्सिबलचं ००६, म्हणजे एक्सझेड४५१. १ मे ला त्याने अर्जेंटिनाचं कॅनबेरा विमान पाडलं, २१ मे ला पुकारा, १ जूनला हर्क्युलिस, यातली शेवटची दोन पायलट नायजेल 'शार्की' वॉर्ड यांनी. त्यामुळे एप्रिलचं ००६ आणि जून संपतानाचं ००६ यांच्यामध्ये खूप काही घडून गेलंय, रंगाची झीज, धुराचे डाग, सगळंच. विजयाची छोटी चित्रं काढायची असतील तर तारीख असलेला फोटो हातात हवा, नाहीतर १ मे च्या विमानावर जूनचा हर्क्युलिस चिकटवला असं होतं.

म्युझियमचं तर विचारूच नका. ००६ तुम्हाला कुठे बघायला मिळणारच नाही, ते १९८९ मध्ये सार्डिनियाजवळ समुद्रात गेलं. एक्सझेड४९३ इंग्लंडमधल्या योव्हिल्टनच्या म्युझियममध्ये आहे, पण ते १९९४ मध्ये एड्रियाटिकमध्ये पडलं होतं, बाहेर काढून परत सजवलंय, तर त्यावरचा रंग १९८२ चा कसा असेल? आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे इंग्लंडमधल्याच नेवार्कच्या म्युझियमचं झेडए१७६. फॉकलंडला गेलेलं अस्सल विमान, वर १९८३ मध्ये स्पॅनिश मालवाहू जहाजावर उतरलेलं म्हणून आणखी प्रसिद्ध. पण पुढे त्याचं एफए.२ या सी हॅरियरच्या नंतरच्या आवृत्तीत रूपांतर झालं. नाक वेगळं, फ्यूजलाज (विमानाचं धड) पंखामागे सुमारे ३५ सेंटीमीटरने लांब, रंगही वेगळा. कॉकपिटच्या मागचे पॅनल आणि चाकांच्या खोबणी बघायला जा, जरूर जा, पण १९८२ च्या रंगासाठी नको.

शेवटी मिसाइल. युद्धात पंखांखालच्या बाहेरच्या पायलनवर (टांगायच्या खांबांवर) प्रत्येकी एकच एआयएम-९एल साइडवाइंडर. दोन मिसाइल लावायचे जोडीचे लाँचर आणि १९० गॅलनच्या इंधनाच्या मोठ्या टाक्या युद्ध संपल्यावर, ऑगस्टमध्ये 'इलस्ट्रियस' हे विमानवाहू जहाज घेऊन गेलेल्या ८०९ च्या विमानांवर दिसायला लागल्या, लढाईत होत्या त्या १०० गॅलनच्या. किटमध्ये दोन्ही सुटे भाग असले की चार मिसाइलचा मोह होतोच, माझ्या कपाटात असं एक हर्मिसचं १४ नंबर उभं आहे, चारही लावलेलं, आणि आता सुपरग्लू इतका पक्का बसलाय की काढता येत नाही.