खुलासा : दोन डॉर्सी, एक गाणं

‘प्रेशस लॉर्ड’ हे गॉस्पेल गीत (म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत) बँडवाले टॉमी डॉर्सी यांनी पत्नीच्या निधनानंतर लिहिलं, असा एक मेसेज फिरतो आहे. गोष्ट खरी, माणूस चुकीचा.

टॉमी डॉर्सी म्हणजे ट्रॉम्बोन वाजवणारे, पेनसिल्व्हेनियाचे गोरे बँडप्रमुख. १९५६ मध्ये वारले. गाणं थॉमस ए. डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकाराचं. जन्म १८९९, जॉर्जियातल्या व्हिला रिका गावी. आधी हे गृहस्थ ‘जॉर्जिया टॉम’ नावाने ब्लूज (कृष्णवर्णीयांचं लौकिक, चर्चबाहेरचं संगीत) गायचे, ब्लूज गायिका मा रेनीला पियानोची साथ करायचे. १९२८ची त्यांची गाजलेली रेकॉर्ड तर चांगलीच चावट होती! मेसेजवाल्यांनी हे कसं सोडलं कोण जाणे.

ऑगस्ट १९३२. डॉर्सी सेंट लुईसला धर्मसभेत गायला गेले होते. तिथेच तार आली : शिकागोत पत्नी नेटी बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून हे गाणं आलं. शब्द त्यांचे, चाल मात्र एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर बेतलेली.

पुढे शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चचं गायकवृंद त्यांनी अनेक दशकं सांभाळलं. निधन १९९३ मध्ये, शिकागोतच.