महागाई घटली, म्हणून भाव उतरले असं नाही

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला, तेव्हा आमच्या ग्रुपवर 'महागाई संपली' म्हणून फटाके फुटले. सांगलीच्या गणपती पेठेत किराणा भरणारी कुठलीही बाई याला हसेल. तेल तर त्या महिन्यातही वर्षापूर्वीपेक्षा महागच होतं. तिला अर्थशास्त्र कळत नाही म्हणणाऱ्यांनाच ते कळलेलं नाही.

इंग्रजीत याला दोन शब्द आहेत. डिसइन्फ्लेशन म्हणजे भाव चढतच राहतात, फक्त चढण्याचा वेग मंदावतो. शंभराची वस्तू यंदा ११० झाली आणि पुढच्या वर्षी एकशे साडेपंधरा, तर दर दहावरून पाच टक्क्यांवर आला. खिशातून मात्र जास्तच गेले. डिफ्लेशन म्हणजे भावच खाली येणं. आपले पेपर दोन्हीला 'महागाई घटली' म्हणून मोकळे. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टही ४ टक्क्यांचं आहे, शून्याचं नाही. म्हणजे भाव दरवर्षी थोडे वाढावेत हे सरकारी धोरणच आहे.

आता भाजीचं बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात भाजीपाला वर्षभरात सुमारे ४२ टक्क्यांनी महागला होता. पुढच्या ऑक्टोबरात तो साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरला. शंभराचे झाले १४२, आणि १४२ चे परत १०३. गिऱ्हाईक खूश. पण वाळव्या-मिरजेकडच्या टोमॅटो पिकवणाऱ्याच्या विक्रीच्या पावतीवर दोन वर्षांपूर्वीचा भाव, आणि मजुरी, औषधं, गाडीभाडं आजचं! गावच्या शेती सोसायटीचं कर्ज तर कुठल्याच निर्देशांकाबरोबर खाली येत नाही. डिफ्लेशनची खरी मेख हीच: माल स्वस्त होतो, देणं तेवढंच राहतं. शहरातल्या माणसाला डिसइन्फ्लेशन भेटतं आणि शेतकऱ्याला डिफ्लेशन, तेही एकाच बातमीत. वर टीव्हीवर 'दिलासा' अशी पट्टी फिरते. कुणाला, ते लिहीत नाहीत.

हे नवं नाही (आमच्याकडचे जुने लोक सांगायचे, पण आम्ही कधी ऐकलं?). १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सावकाराचा आकडा जागचा हलला नाही. आमच्याकडचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात. त्या इलाख्यात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला १९३९ साली. मंदी सुरू होऊन तोवर दहा वर्षं उलटली होती.