कट किती, ते सांग

कोल्हापुरात ऑर्डर पूर्ण वाक्यात द्यायची पद्धत नाही. रिकाम्या वाटीकडं नुसतं बघायचं, पोऱ्या कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, घेऊन हजर. ब्रेडच्या स्लाइस न सांगता येतात. कुणी पाव मागितला, तर माणूस बाहेरगावचा हेही न सांगता कळतं. अशा गावात पन्नाशी गाठलेल्या माणसाला फंक्शन, म्हणजे संगणकाला एखादं काम कसं करायचं ते सांगणारा मजकूर, लिहायला बसवणं म्हणजे निव्वळ छळ.

बसवलं भाचीनं. ती इंजिनिअरिंगला, मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेबाला. "मामा, पायथन शिक. मी शिकवतो की!" संगणकाची ही भाषा गीडो व्हान रॉसम या डच माणसानं 1991 साली बाहेर आणली. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून तिच्यात नावं देवनागरीतही देता येतात, हे ऐकून मी जरा सैलावलो. फंक्शन सुरू करणारा 'डेफ' हा शब्द तेवढा इंग्रजीत, पुढं आपलं मिसळ(कट, ब्रेड). कंसात बसलेली ही दोघं पॅरामीटर. फंक्शनला हाक मारताना त्यांच्या जागी जे द्यायचं, ते आर्ग्युमेंट.

मी ऐटीत मिसळ() लिहून एंटर मारलं. टाइपएरर! दोन आर्ग्युमेंट कमी आहेत म्हणे, कट आणि ब्रेड.

"कट किती, ते सांग," भाची म्हणाली.

"त्यात सांगायचं काय? लागंल तेवढा."

"लागंल तेवढा चालत नाही मामा. आकडा टाक."

नुसता 2 टाकला, तर ब्रेडसाठी पुन्हा बोंब. मग मिसळ(4, 1) दिलं. मला चार स्लाइस आणि एक कट हवा होता. यंत्रानं चार कट आणि एक स्लाइस असा बेत केला, आणि या वेळी हूं की चूं नाही. जिथं समजून घ्यायला हवं तिथं भांडायचं आणि जिथं भांडायला हवं तिथं गप्प, ही कुठली रीत? मिसळ(ब्रेड=4, कट=1) असं नावानिशी दिलं की क्रम कसाही चालतो, हे तिनं नंतर सांगितलं.

ब्रेड=2 असं डेफच्या ओळीतच ठरवून टाकता येतं, हे मात्र मला मनापासून आवडलं. न सांगता दोन स्लाइस! इथं कुठंतरी कोल्हापूर दिसलं. पण असा ठरलेला पॅरामीटर आधी आणि बिनठरलेला कट त्याच्यामागं, असं लिहिलं की सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याची रीतच चुकली. ज्यांचं ठरलंय त्यांनी मागं बसायचं.

मग बिल. फंक्शनमध्ये प्रिंट लिहिलं, रक्कम पडद्यावर झळकली. ती रक्कम दुसरीकडं वापरायला गेलो, तर हातात 'नन'. म्हणजे काहीच नाही. भाचीचं म्हणणं, प्रिंट नुसतं दाखवतं, हातात द्यायचं तर रिटर्न लागतं. काचेतून मिसळ दाखवायची आणि टेबलावर ठेवायची नाही, असला धंदा आमच्याकडं दोन दिवस टिकायचा नाही.

खरा कहर पुढंच. कुणी काय खाल्लं ते लिहून ठेवावं म्हणून मी डेफच्या कंसात यादी=[], म्हणजे रिकामी यादी, असं दिलं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या यादीत एक मिसळ. दुसऱ्याच्या यादीत दोन. तिसऱ्या बिचाऱ्यानं एकच खाल्ली, तर त्याच्या नावावर तीन. एरर? छे! चेहऱ्यावर सुरकुती नाही.

भाची पोट धरून हसायला लागली. "मामा, डेफची ओळ चालते तेव्हा ती यादी एकदाच तयार होते. मग येईल त्याला तीच."

"म्हणजे गावाला एकच वही?"

"व्हय. आता तिथं यादी=नन लिही आणि आत, नन असेल तर नवी यादी काढ."

म्हणजे मघाशी ज्याच्या नावानं मी बोटं मोडली, तोच आता राखणीला. लिहिलं. तिसऱ्याची यादी एकाच मिसळीवर आली.

"आता तिखट हा तिसरा पॅरामीटर घाल," ती म्हणाली. "ट्रू की फॉल्स, म्हणजे हो की नाही, एवढंच."

कोल्हापुरात बसून ही पोरगी मला तिखटाला फॉल्स विचारते!