निवडून दिला, पण काढायचा कसा?

इंग्लंड आणि वेल्समधलं 'पोलीस अँड क्राइम कमिशनर' हे पद मे 2028 मध्ये बंद करणार, असं सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. इथल्या आमच्या मराठी मंडळींना त्याचं काही सोयरसुतक नाही. "असं पद होतं?" हाच प्रश्न जास्त आला. अहो, दरवर्षी काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, बिलात त्याचा आकडा वेगळा छापून येतो! आणि कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनाही त्याला मत देता येतं.

हा आपल्याकडच्यासारखा आयपीएस अधिकारी नव्हे. लोकांनी निवडून दिलेला माणूस. पोलिसांचं बजेट ठरवतो, चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे त्या भागाच्या पोलीस दलाचा प्रमुख, नेमतो, वेळ आली तर त्याला घरी पाठवतो. मात्र याला अटक करा, तो तपास थांबवा, असं तो सांगू शकत नाही. बदल्यांच्या याद्या मंत्र्याच्या बंगल्यावरून निघतात, अशा चर्चा ऐकत वाढलेल्या मला ही लक्ष्मणरेषा भारी आवडली होती.

सुरुवातच वाईट झाली म्हणा. 2012 ची पहिली निवडणूक ऐन नोव्हेंबरच्या थंडीत, उमेदवारांची माहितीपत्रकं घरोघरी पाठवलीच नाहीत. मतदान जेमतेम 15 टक्के. वेल्समध्ये न्यूपोर्टमधल्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही.

पण खरी पोल उघडी पडली 2014 मध्ये. साउथ यॉर्कशायरमधल्या रॉदरहॅममध्ये किमान 1400 मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा अहवाल आला. साउथ यॉर्कशायरचे कमिशनर शॉन राइट पूर्वी रॉदरहॅमच्याच काउन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत, बालसेवांचा कारभार बघत होते. पंतप्रधान, गृहमंत्री, स्वतःचा पक्ष, सगळे म्हणाले, राजीनामा द्या. गृहस्थांनी पक्ष सोडला, खुर्ची नाही! तीनेक आठवड्यांनी गेले तेही स्वतःहून, कारण त्यांना काढायची कायद्यात सोयच नव्हती. देखरेखीसाठी पॅनल असतं, पण ते प्रश्न विचारतं आणि ठराव करतं. कमिशनरवर गंभीर गुन्ह्याचा आरोप दाखल झाला तरच निलंबन.

आता जिथे लोकांनी थेट निवडलेला प्रादेशिक मेयर आहे तिथे हे काम मेयरकडे जाईल. मँचेस्टरमध्ये 2017 पासून तसंच चाललंय आणि तिथे निदान नाव तरी लोकांना माहीत असतं. आमच्या थेम्स व्हॅलीत तसा मेयर नाही. अशा ठिकाणी काउन्सिलच्या नेत्यांचं मंडळ येणार. म्हणजे 2012 च्या आधी होती तशीच समिती. तिच्यातली माणसं तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हती.

मला विचाराल तर पद ठेवून त्याला परत बोलावण्याची तरतूद जोडायला हवी होती. खासदारांसाठी 2015 चा तसा कायदा आहेच: ठरावीक कारण घडलं आणि दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या, की जागा रिकामी.