हाड वाढलं होतं, एवढंच

आमच्या घराण्याला एक नाक आहे. आजोबांना होतं, बाबांना होतं, आत्याला अजून आहे. मधोमध उंचवटा आणि शेंडा खाली झुकलेला. त्यावरून चष्मा कधी घसरत नाही, हा त्याचा एकमेव उपयोग. वयाच्या 42व्या वर्षी, हप्ते बांधून घेऊन, मी ते तासून घेतलं. बाहेर मात्र सांगितलं की हाड वाढलं होतं. नाकाचं हाड वाढणं हा आपल्याकडे प्रतिष्ठित आजार आहे. ज्याचं वाढलेलं नसतं त्याच्या मेव्हण्याचं तरी असतंच.

घरी आलो तो नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली दोन जांभळी वांगी आणि हातात सूचनांचा कागद घेऊन. आठवडाभर प्लास्टरला हात लावायचा नाही. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, डोक्यातून घालायचे कपडे बंद. दीड महिना चष्मा नाकावर टेकवायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यावी.

झोपेचं निभावलं. दिवाणावरचा लोड आणि दोन उशा पाठीशी लावून मी शेषशायी झालो. (पाय चेपायला लक्ष्मी नव्हती. ती ऑफिसला जायची, आणि जाताना माझ्या चपला पायात सरकवून जायची, कारण वाकायची बंदी.) चष्म्याचा नंबर उणे साडेपाच. तो बायकोने चिकटपट्टीने कपाळाला टांगला. दिसायचं छान, पण संध्याकाळी पट्टी निघताना भुवईचे चार केस सोबत घेऊन जायची. पहिल्या आठवड्यात आरशात एक माणूस दिसायचा, जो बहुधा उधारी बुडवून पळताना सापडला होता.

खरा प्रश्न शिंकेचा होता. तो कागद लिहिणाऱ्याच्या घरी ठेचा होत नसावा.

आमच्याकडे नियम ठरला. तव्यावर मिरच्या पडायच्या आधी आईने ओरडायचं, "परततेय रे!" आणि मी गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचं. तीन दिवस सुरळीत गेलं. चौथ्या दिवशी आईला मावशीचा फोन आला, फोन कानाशी आणि मिरच्या तव्यावर. नाक आतून बंद, त्यामुळे मला वासच आला नाही. श्वास तोंडाने चाललेला, म्हणून खाट थेट घशात गेला आणि मग कुठेतरी प्लास्टरच्या मागे हुळहुळायला लागलं. मी उशी धरली. तोंड इतकं उघडलं की पडजीभ दिसावी. जे बाहेर पडलं त्याला शिंक म्हणता येणार नाही; खालच्या वॉचमनने उठून फाटक उघडलं. नाक जागेवर होतं. आई फोनवर म्हणाली, "काही नाही गं, हाड वाढलं होतं ना त्याचं."

त्याच दुपारी आत्या आली, डब्यात साजूक तूप घेऊन. "रात्री दोन-दोन थेंब सोड नाकात. तुझ्या आजोबांनी जन्मभर सोडलं." मी म्हटलं, आत्या, डॉक्टरांनी फक्त मिठाच्या पाण्याचा फवारा सांगितलाय. ती म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतंय तुपातलं."

ती जरा आडवी झाल्यावर मी कपाळावरच्या चष्म्यातून मोबाइल चाळत बसलो आणि कावसजी सापडला. इंग्रज सैन्यातला बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याकडे एका वीटकराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, आणि 1794च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं. जखमेवर लावला होता कात, पानातला. पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवायचे. तेवढं माझंही तसंच. आणि चार दिवसांनी कात काढून त्या जागी चिंध्या भिजवून लावायच्या. तुपात.

हे मी आत्याला सांगितलं नाही. ती आता सत्तरीत आहे, पुन्हा तरुण झाली असती.

आठव्या दिवशी प्लास्टर निघालं. पुरती सूज उतरायला वर्षही लागेल, असं डॉक्टर म्हणाले, पण सरळ, नेटकं, परक्या घराण्यातलं नाक खाली स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळी आत्या पुन्हा आली. हनुवटी धरून तिने माझं तोंड उजेडाकडे वळवलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तिच्या स्वतःच्या नाकाचा शेंडा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

"घाबरू नकोस हो," ती हळूच म्हणाली. "सूज उतरली की होईल पुन्हा आपल्यासारखं."