‘खेड्यात बसून’ म्हणालात म्हणून

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा, तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आजार. त्यावरच्या ‘सिकलसेलला जात नसते’ या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. मुद्दे तीन-चार आहेत, पण मी अडकलो ते एकाच वाक्यावर : “खेड्यात बसून जनुकशास्त्र शिकवू नका, जात-जमात विचारल्याशिवाय हा रोग सापडतच नाही.”

आधी चूक कबूल करतो. नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याची नोंद मी १९५० ची लिहिली होती, ती १९५२ ची आहे. दुरुस्त केली, आभार. पण एवढ्यासाठी ‘अर्धवट वाचन’ म्हणायची गरज नव्हती. तीस वर्षं दवाखान्यात काढली हे तुम्ही दोनदा सांगितलंत. अनुभव सांगावा, दुसऱ्याच्या डोक्यात हाणू नये.

आता खेड्याचं. मी गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात राहतो, आम्ही तेली. माझी भाची दोन वर्षांची असताना तिच्या हातापायांची बोटं अशी सुजली की मूठ मिटेना. पुढे दर पावसाळ्यात, रोवणीच्या गारव्यात, पोरगी गुडघे धरून रात्रभर रडायची. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि “तुमच्यात नसतो तो आजार” म्हणून सिकलसेलची तपासणीच केली नाही. सात वर्षं वाताच्या गोळ्या खाल्ल्या तिनं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला आणि रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवलं. एसएस निघाली, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. आई-बाप दोघंही एएस, म्हणजे वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे त्या दिवशी घरात पहिल्यांदा कळलं. रिपोर्ट मांडीवर ठेवून बहीण म्हणाली, “त्यायनं आडनाव पाह्यलं, दादा, रक्त नाही पाह्यलं.”

याला तुम्ही भावनेचा भर म्हणता. मग रक्ताचंच बोलू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच बदल. वाहकाला फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथं पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथं हा बदल टिकला. आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, तर मलेरिया घरोघरी. तो काय जात विचारून चावणाऱ्या डासांचा होता?

अमेरिकेत १९१० साली पहिला रुग्ण नोंदला गेल्यावर याला ‘काळ्यांचा रोग’ म्हणू लागले. गोऱ्या माणसात सापडला तर त्याच्या वाडवडिलांत कुणी काळा असेल, असं डॉक्टरच लिहायचे. प्रत्यक्षात ग्रीस आणि सिसिलीत तो आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत जवळजवळ नाही. १९७२ साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला की माणसामाणसातला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत असतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीनंही सांगितलं की जनुकीय फरकाच्या जागी वंशाचं नाव वापरू नका. आणि आपल्याकडे? १९४८ सालीच बाबासाहेबांनी नाकांच्या मापांचे आकडे घेऊन दाखवलं होतं की अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. विदर्भात राहून हे मी तुम्हाला सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

तपासणीच्या किट कमी असतात, म्हणून जिथं प्रमाण जास्त तिथं आधी तपासावं, हा तुमचा दुसरा मुद्दा. असेल, तो नियोजनाचा प्रश्न आहे. ‘समाजाची नोंदच बंद करा’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. आणि ‘लेखकाचं शिक्षण काय’ याला मी उत्तर देणार नाही.

भाची आता हायड्रॉक्सीयुरिया या दुखणं कमी करणाऱ्या औषधावर आहे, शाळा बुडणं कमी झालं. परवा गावातल्या एका कुणबी घरी लग्न ठरलं, म्हणून मी मुलामुलीची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी, करून घ्या म्हणायला गेलो. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्यात नसते जी ते.” हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं, डॉक्टरसाहेब?