माती मेलेली नाही, आणि भाजीतलं लोहही संपलेलं नाही

'माती मेली आहे, आता तरी जागे व्हा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जगात जेमतेम 60 वर्षं पुरेल एवढीच सुपीक माती उरली आहे. रासायनिक खतांनी मातीतली जीवनसत्त्वं संपवली, त्यामुळे आजोबांच्या काळच्या एका संत्र्याची बरोबरी करायला आज 8 संत्री लागतात. भाज्यांमधलं लोह आणि कॅल्शियम 80 ते 90 टक्के गेलं आहे. म्हणून शेतकऱ्यांनी याच हंगामापासून खत पूर्ण बंद करावं, सूक्ष्मजीवांचं द्रावण सोडावं, माती परीक्षणाच्या नादी लागू नये. आणि बाकीच्यांनी भाजीच्या भरवशावर न राहता मेसेजच्या शेवटी दिलेली पानांची पावडर घ्यावी.

एरवी मी हे वाचून पुढे गेले असते. पण माझ्या आत्याचं हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्यात, पालेभाज्या आणि कडधान्यं वाढवायला सांगितलंय. तिने मेसेज वाचून गोळ्या बाजूला ठेवल्या आणि पावडर मागवली. 'भाजीत आता काही राहिलंच नाही म्हणे,' असं ती मला फोनवर सांगत होती. तिचा मुलगा शेती करतो, आणि तो यंदा खताचा दाणाही टाकणार नाही म्हणतोय. एका घरात दोन जणांचं नुकसान करणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं.

60 वर्षांचं आधी उरकते. हा आकडा डिसेंबर 2014 मध्ये रोममधल्या एका कार्यक्रमात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून आला आणि बातम्यांमधून जगभर गेला. त्याला आधार म्हणून कोणताही शोधनिबंध पुढे आला नाही. प्रत्यक्ष मोजमाप मांडणारा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 38 देशांतल्या 255 ठिकाणांची माहिती एकत्र केली. नेहमीच्या पद्धतीने कसलेल्या जमिनींपैकी 90 टक्क्यांहून जास्त जमिनींचा थर पातळ होत होता, आणि 16 टक्के जमिनींना शंभर वर्षांहून कमी आयुष्य उरलं होतं. हे गंभीरच आहे, पण 'सगळी माती 60 वर्षांत संपणार' असं त्यातून निघत नाही. मेसेजने अर्थातच न सांगितलेला भाग म्हणजे, जिथे धूप रोखण्याचे उपाय केले होते तिथल्या 39 टक्के जमिनींचं आयुष्य 10,000 वर्षांच्या पुढे गेलं. म्हणजे निकाल लागलेला नाही, तो आपल्या मशागतीवर अवलंबून आहे.

आता जीवनसत्त्वं. ती मातीत नसतातच. झाड मातीतून खनिजं घेतं: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त, बोरॉन वगैरे. 'क' जीवनसत्त्व झाड स्वतःच्या पेशींत, उन्हाच्या जोरावर केलेल्या साखरेपासून बनवतं. जे मातीत नव्हतंच ते खताने संपवलं कसं? संत्र्याचं मूळ वाक्य तर 'अ' जीवनसत्त्वाबद्दल होतं, आणि त्यासाठी संत्रं कुणी खात नाही. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

लोह आणि कॅल्शियमचा मुद्दा मात्र नीट पाहावा लागतो, कारण इथे एक अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. भाज्यांमधली काही पोषकद्रव्यं खरंच घटली आहेत. 2004 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 43 भाज्या आणि फळांच्या 1950 आणि 1999 च्या सरकारी नोंदी ताडून पाहिल्या. 13 पैकी 6 घटकांत घट दिसली: प्रथिनं 6 टक्के, लोह 15, कॅल्शियम 16, 'क' जीवनसत्त्व 20, स्फुरदही थोडं, आणि सर्वांत जास्त म्हणजे 38 टक्के घट रायबोफ्लेविनमध्ये, म्हणजे 'ब2' जीवनसत्त्वात. बाकी 7 घटकांत खात्रीने सांगता येईल असा फरक नव्हता. 15 टक्क्यांची 80-90 टक्के करणं याला मी तरी खोटंच म्हणेन. लोहात 15 टक्के घट झालेली पालेभाजी ही लोह असलेली पालेभाजीच आहे.

आणि घट का झाली? मेसेज म्हणतो, खतामुळे माती रिकामी झाली. याचं उत्तर शोधायला इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेताइतकी चांगली जागा जगात दुसरी नाही. तिथे 1843 पासून एकाच शेतात दरवर्षी गहू घेतला जातोय. काही पट्ट्यांना रासायनिक खत, एकाला शेणखत, एकाला काहीच नाही. जुन्या काळापासूनचे गव्हाचे आणि मातीचे नमुने तिथे जपून ठेवलेले आहेत. 2008 मध्ये संशोधकांनी हे नमुने बाहेर काढून तपासले. दाण्यातलं जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम 1845 पासून 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ स्थिर होतं. मग बुटकी, भरघोस उत्पन्न देणारी वाणं आली आणि ते घसरायला लागलं. त्याच काळात मातीतलं या खनिजांचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं, काही ठिकाणी ते वाढलंच होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही घसरण रासायनिक खताच्या पट्ट्यात दिसली, शेणखताच्या पट्ट्यात दिसली, आणि ज्या पट्ट्याला कधीच काही घातलं नाही त्यातही दिसली.

मातीत खनिज होतं, पण दाण्यात कमी उतरलं. नव्या वाणाचं झाड जास्त पिष्ट दाण्यात भरतं, आणि मुळांनी उचललेलं तेवढंच जस्त मोठ्या उत्पन्नात विभागलं जातं. 2004 च्या अभ्यासातही लेखकांनी मुख्य संशय वाणांवरच घेतला होता. इलाज वाण निवडण्यात आणि पैदास करण्यात आहे, खताचं पोतं फेकण्यात नाही.

माती आणि पोषण यांचा संबंध नाही असं माझं म्हणणं नाही. संबंध पक्का आहे, फक्त मेसेज सांगतो तसा नाही. फिनलंडच्या मातीत पिकांना घेता येईल असं सेलेनियम, म्हणजे शरीराला अगदी थोडं पण लागणारं एक खनिज, फार कमी होतं, त्यामुळे लोकांच्या आहारातही ते कमी पडत होतं. तिथल्या सरकारने 1984 मध्ये रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायचं ठरवलं, आणि काही वर्षांत लोकांच्या आहारातलं सेलेनियम दुपटीहून जास्त वाढलं. तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या मातीत जस्ताची कमतरता होती, तिथे 1990 च्या दशकात जस्त दिल्यावर गव्हाचं उत्पन्नही वाढलं आणि दाण्यातलं जस्तही. म्हणजे मातीत काय कमी आहे हे शोधून तेवढंच भरून काढलं की ताटातलं अन्न सुधारतं. आणि हे शोधायचं कसं? माती परीक्षणाने. मेसेज नेमकं तेच करू नका म्हणतोय.

आता खत एकदम बंद करण्याबद्दल. आतेभावासाठी हा भाग लिहितेय, म्हणून हिशोबच मांडते. एक टन गव्हाच्या दाण्यातून साधारण 20 किलो नत्र शेताबाहेर जातं. हेक्टरी 4 टन पीक काढलं तर 80 किलो. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरलं तर एवढ्यासाठी 16 टन शेणखत लागेल, आणि त्यातलंही सगळं पहिल्या वर्षी मोकळं होत नाही. द्रावणाच्या पिंपात एवढं नत्र कुठून येणार? हवेत 78 टक्के नत्र आहे हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे, पण गव्हाला ते घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते पकडतात, म्हणून फेरपालटात द्विदल पीक हवंच. स्फुरद आणि पालाश तर हवेत नसतातच. सूक्ष्मजीव मातीतलं स्फुरद विरघळवून झाडाला देतात, बुरशीचे धागे जस्त आणि स्फुरद लांबून मुळांपर्यंत आणतात, हे सगळं खरं आहे. पण जे आहे तेच ते आणून देतात, नवीन तयार करत नाहीत. ब्रॉडबाल्कच्या काहीही न घातलेल्या पट्ट्यात आजही गहू येतो, हेक्टरी सुमारे एक टन. 'माती सगळं देते' याचा अर्थ एवढाच. शेजारच्या पट्ट्यांत त्याच्या कित्येक पट येतं, आणि त्यात 180 वर्षं रासायनिक खतच मिळालेले पट्टेही आहेत.

श्रीलंकेत हे देशाच्या पातळीवर करून झालं आहे. 2021 मध्ये एप्रिलअखेर सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर तडकाफडकी बंदी घातली. भाताचं उत्पादन कोसळलं, स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. सेंद्रिय शेती करूच नये असा याचा अर्थ नाही. पण ती करायची तर आधी मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून साठणारा कार्बन, वाढवायला काही वर्षं द्यावी लागतात. एका हंगामात खत शून्यावर आणणं म्हणजे पिकाला उपाशी ठेवणं.

खताने मातीचं काहीच बिघडत नाही, असंही कुणी समजू नये. रोथॅमस्टेडमध्येच 1856 पासून चालू असलेला गवताचा एक प्रयोग आहे. तिथे वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट घातलेल्या आणि चुना न दिलेल्या तुकड्यांचा सामू (पीएच) 4 च्या खाली गेला, म्हणजे माती फार आंबट झाली, गांडुळं नाहीशी झाली, न कुजलेल्या गवताचा थर साचला. आणि ब्रॉडबाल्कच्या शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब काहीच न घातलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त आहे. अशी माती पाणी धरते, भुसभुशीत राहते, पावसाने लवकर वाहून जात नाही. म्हणून भावाने जरूर शेणखत घालावं, पिकाचे अवशेष जाळू नयेत, जमीन उघडी ठेवू नये, मशागत कमी करावी. खत परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे द्यावं, आणि जिथे माती आंबट झाली असेल तिथे चुना.

राहिली पावडर. सगळी माती मेली असेल तर पावडरची पानं कुठे वाढली, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. चमचाभर पावडरमध्ये लोह किती मिलिग्रॅम आहे, हेही त्यात लिहिलेलं नाही. डॉक्टरांच्या गोळीवर ते छापलेलं असतं. आत्या, गोळ्या आजपासून पुन्हा सुरू कर, पालेभाजीबरोबर लिंबू किंवा 'क' जीवनसत्त्वाचं एखादं फळ घे, म्हणजे लोह अंगी लागतं. गोळीच्या वेळेला चहा घेऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला हिमोग्लोबिन परत तपासून घे आणि आकडा मला कळव.